कागदाची वरची ओळ

४ मार्च

प्रिय मास्तर,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, पण त्याच्यापेक्षा तेच जास्त कुरकुरतात. फोन केला असता, पण तुझ्याकडे उजाडतं तेव्हा माझे डोळे मिटलेले असतात. शिवाय हे बोलताना मध्येच कोणी "हॅलो, ऐकू येतंय का" म्हटलेलं मला सोसणार नाही. म्हणून लिहिते.

मागच्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास एक बाई ईसीजी काढायला आली. वय सेहेचाळीस. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान. पहाटेपासून छातीच्या खाली जळजळतंय आणि जबडा दुखतोय, एवढंच म्हणत होती. तेही मुलगी मागे लागली म्हणून दाखवायला आलेली. मी तिला आडवं केलं, हातापायांना चिमटे लावले, छातीवर सहा रबरी फुगे बसवले. तेवढ्यात माझ्या बाहीकडे बघून म्हणाली, "ताई, शिवण उसवलीये. येता-जाता टाकून जा, दोन टाके मारून देते." मी हसून म्हटलं, आधी गप्प पडून राहा, बोललात की रेघ हलते.

मशीनने कागद बाहेर टाकला. वरच्या ओळीत छापलं होतं, 'सामान्य ईसीजी'. मी तो नेऊन आमच्या नव्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. पोरगी हुशार आहे, पण लागून अजून वर्ष झालेलं नाही, आणि त्या सकाळी तिच्या दाराशी चाळीसेक माणसं उभी होती. तिने वरची ओळ वाचली, पोट दाबून पाहिलं आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. बाई चालत दुकानात गेली. दुपारी दीडला, कापड बेतत असताना कोसळली. दवाखान्यात परत आणली तेव्हा काही उरलं नव्हतं.

आता चौकशी लागली आहे. मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. विचारलं तरी सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. त्या कागदात मला काही दिसलं नव्हतं. मशीनला दिसलं नाही ते मला कुठून दिसणार? पण तू इतकी वर्षं याच मशीनांच्या डोक्यातलं काम करतोस. मला एवढंच सांग, जे हृदय दीड वाजता बंद पडणार होतं, त्याला दहा वाजता मशीनने सामान्य कसं म्हटलं?

तुझी
अक्का

१९ मार्च

प्रिय अक्का,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सांगतो ते हे की यात तुझा काडीचाही दोष नाही. हे अंगाला लावून घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आई गेल्यावर मी तुमच्याकडे राहायला आलो, तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकातला एक लाल शेराही तू स्वतःचा असल्यासारखा आठवडाभर उराशी धरून बसायचीस. मामेभाऊ असून सख्ख्यासारखं वाढवलंस, आणि आत्याच्या पाढ्यातल्या चुका काढतो म्हणून 'मास्तर' हे नावही तूच दिलंस. तेव्हा आज थोडी मास्तरकी करू दे.

मशीनला हृदय दिसत नाही. त्याला फक्त रेघा दिसतात. ते उंची मोजतं, रुंदी मोजतं, आणि हजारो जुन्या कागदांवरून ठरवलेल्या मर्यादांशी ताडून पाहतं. मर्यादेच्या आत असेल तर 'सामान्य'. झटक्याचे पहिले काही तास असे असतात की रेघ फारशी बदललेलीच नसते. मग मशीन चुकतं, कधी मोठमोठे डॉक्टरही चुकतात. म्हणूनच मशीन नुसतं सुचवतं. निर्णय डॉक्टरने घ्यायचा असतो.

जमलं तर त्या कागदाची प्रत पाठव. उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात एक आकडा असतो, तो नीट दिसेल असं बघ. मशीनच्या आत कोणती आवृत्ती आहे ते त्यावरून कळतं.

भावोजींना सांग, गुडघ्यासाठी चालायला हवं, आणि तोंडासाठी विश्रांती.

तुझा
मास्तर

२ एप्रिल

प्रिय मास्तर,

सोबत प्रत आहे. कोपऱ्यातल्या आकड्यावर मी पेनाने पुन्हा गिरवलं आहे.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं, आणि दोनच दिवसांनी ते बरं वाटणं निघून गेलं. त्या बाईची मुलगी आली होती. विशी-बाविशीची असेल, छापखान्यात काम करते, बोटांवर शाई. माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आईचा ईसीजी तुम्हीच काढलात ना? ती काय बोलली ते सांगाल?" तिला भांडायचं नव्हतं. आई शेवटच्या दिवशी कोणाशी काय बोलली, ते ती घरोघरी, दुकानोदुकानी फिरून गोळा करत होती. मी तिला बाहीची गोष्ट सांगितली. ती ऐकून हसली आणि हसता हसता रडायला लागली.

जाताना म्हणाली, कागद बघून तुम्हाला काय वाटलं होतं? मी म्हटलं, मी फक्त कागद काढते, वाचायचं काम डॉक्टरांचं. तिने मान हलवली आणि गेली. मास्तर, हे वाक्य आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलं आहे, म्हणजे खोटं नाही. पण बोलल्यावर माझ्या तोंडाची चव गेली.

तुझ्या पत्राची वाट बघते.

अक्का

१४ मे

प्रिय मास्तर,

सहा आठवडे झाले. पत्र पोचलं नाही असं म्हणावं, तर पोच सहीसकट परत आली आहे. सही तुझीच आहे. आजारी आहेस का?

इथे डॉक्टरला कामावरून बाजूला केलं आहे. समितीची एक बैठक झाली. मशीनच्या कंपनीकडून एक माणूस आला होता, इस्त्रीचा सदरा, हातात पुस्तिका. त्याने एक पान उघडून बोट ठेवलं. 'यंत्राचा निष्कर्ष डॉक्टरने स्वतः तपासून घ्यावा.' चहा प्यायला आणि गेला. त्या एका वाक्याने सगळं खापर पोरीच्या डोक्यावर फुटलं. आमचे अधीक्षक तर सुटका झाल्यासारखे दिसत होते.

काल ती माझ्या खोलीत आली. पेशंट निजतात त्या पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "ताई, मी नुसती वरची ओळ वाचली हो. खालचं बघितलंच नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं का?"

मी म्हटलं, माहीत नाही. मास्तर, हे म्हणताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

उत्तर लिही. दोन ओळी लिही.

अक्का

२७ मे

प्रिय अक्का,

माफ कर. काम खूप होतं, प्रवासही होता.

कागद नीट पाहिला. एक शंका येते. छातीवरचे फुगे एखाद्या बरगडीने वर-खाली झाले तर लाटांचा आकार बदलतो, आणि मशीनचा हिशेब चुकतो. घाईच्या वेळी असं होऊ शकतं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. तसं झालंच असं मी म्हणत नाही. पण समितीने विचारलं तर ही शक्यता आहे एवढं ध्यानात ठेव. बाकी आवृत्तीच्या आकड्यावरून विशेष काही सांगता येत नाही.

तब्येतीला जप.

मास्तर

९ जून

मास्तर,

'प्रिय' लिहायला हात धजावला नाही, आणि मी ते जबरदस्तीने लिहिणार नाही.

चोवीस वर्षं मी हे फुगे लावते आहे. गळ्याच्या खालच्या हाडावरून बोट खाली आणायचं, दुसऱ्या बरगडीचा उंचवटा लागला की तिथून दोन खाली मोजायचं. हे मी झोपेत करू शकते. अपघातातून आणलेल्या, तडफडणाऱ्या, शिव्या देणाऱ्या माणसांवर केलं आहे. माझा हात चुकला नाही. तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. आणि दोन महिने गप्प राहून शोधून शोधून तुला सापडलं काय, तर माझं बोट?

तुझ्यावर रागावले म्हणून आज हे लिहायचं धाडस होतं आहे. मी तुला पहिल्याच पत्रात खोटं सांगितलं. मला दिसलं होतं.

छातीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीत ठोक्याची उभी रेघ लहानशी होती, आणि तिच्या मागे येणारी लाट, ज्याला तुम्ही टी म्हणता, ती त्या रेघेच्या मानाने फुगलेली, बुडाशी रुंद, पीठ फुगून भांड्याच्या काठावर यावं तशी. उंच म्हणशील तर फार उंच नव्हती. पण त्या रेघेला ती शोभत नव्हती. आमचे थोरले डॉक्टर निवृत्त होईपर्यंत रोज एक कागद माझ्यासमोर टाकून विचारायचे, काय दिसतं? अशी लाट त्यांनी मला दोनदा दाखवली होती. दोन्ही माणसं त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवली होती.

म्हणून मी दुसरा कागद काढला. सवयीने त्या लाटांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग भिंतीवरच्या पाटीकडे नजर गेली.

त्या पाटीची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी असाच एक कागद बघून मी डॉक्टरांना म्हटलं, हा माणूस पाठवा. शाळेचा चौकीदार होता. गाडीतून नेला, घरच्यांची रडारड, आणि तिथे काही निघालं नाही. हृदय ठणठणीत. अधीक्षकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाले, मशीन वाचायला घेतलं आहे, तुम्हाला नव्हे. दुसऱ्या दिवशी पाटी लागली. मी कानाला खडा लावला. मशीन बिनचूक आणि मी म्हातारी होत चाललेली, असं मलाही वाटायला लागलं होतं.

त्या मंगळवारी मी पहिला कागद डॉक्टरच्या टेबलावर ठेवला आणि दुसरा माझ्या खणात. दाराशी क्षणभर थांबले होते. डॉक्टरने वर बघून विचारलं, काही आहे का ताई? मी म्हटलं, नाही. तोंडात मिठाची गुळणी धरली. एका माणसाचं आयुष्य त्या एका 'नाही'वर होतं.

दुसरा कागद अजून खणातच आहे. कोणाला माहीत नाही. तुझ्या भावोजींनाही.

अक्का

२२ जून

प्रिय अक्का,

तू लिहिलंस, आता मी लिहितो. सकाळपासून तीन कागद चुरगळले.

फुग्यांबद्दल मी जे लिहिलं ते नीचपणाचं होतं. तुझा हात चुकलेला नाही हे मला कागद पाहताच कळलं होतं. तिन्ही पट्ट्या एकमेकींना धरून आहेत, फुगे हलले असते तर तसं झालं नसतं. मला दुसरं कोणीतरी दोषी हवं होतं. कारण कोपऱ्यातला आकडा मी ओळखला होता. ती आवृत्ती आमची आहे. आणि त्यातला तो भाग माझा आहे.

आधीच्या आवृत्तीत अशा लाटा दिसल्या की मशीन एक इशारा छापायचं. 'त्रास असल्यास पंधरा मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढा.' तरुण, धडधाकट माणसांतही लाटा उंच असतात, त्यामुळे शंभरातले नव्वद इशारे फुकट जायचे. रुग्णालयांच्या तक्रारी यायच्या. डॉक्टर म्हणायचे, तुमचं मशीन लांडगा आला रे आला ओरडतं, आम्ही बघायचंच सोडून दिलं. म्हणून मर्यादा वाढवायचं ठरलं. ती किती वाढवायची हे माझ्याकडे होतं. मी लाटेची नुसती उंची धरली. शेजारच्या रेघेच्या मानाने ती केवढी, हे धरलं नाही. बायकांच्या लाटा मुळातच बसक्या असतात. पुरुषांना आणि बायकांना मी एकच माप लावलं.

आम्ही ते जुन्या कागदांवर तपासून पाहिलं. फुकटचे इशारे निम्म्याहून खाली आले, सगळे खूश. झटक्याच्या अगदी सुरुवातीचे बायकांचे कागद त्यात फक्त अकरा होते. त्यातले चार नव्या मापाने 'सामान्य' निघाले. मी ते पाहिलं, अक्का. टिपणात लिहिलंही होतं. वरिष्ठ म्हणाले, अकरा म्हणजे काही आकडा नव्हे, एवढ्याशा नमुन्यावरून काय ठरवायचं? शेवटच्या मसुद्यातून मी ती ओळ काढली आणि सही केली. त्याच वर्षी मला बढती मिळाली. तुला फोन करून सांगितलं होतं, तू शेजाऱ्यांना पेढ्यांऐवजी माझं कौतुक वाटलं होतंस.

आता ऐक. तो खणातला कागद फाडून टाक. तो कोणी मागितलेला नाही. तू दाखवलास तर तू जातेस, आणि बाई काही परत येत नाही. नोकरीची तुझी तीन वर्षं राहिली आहेत. मी पुढच्या आवृत्तीत गाजावाजा न करता ते माप दुरुस्त करतो. इशारा परत येईल. पुढच्या बायका वाचतील. खरं महत्त्वाचं तेच ना?

तुझा
मास्तर

११ जुलै

प्रिय मास्तर,

तुझं पत्र मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तुझ्यावर राग यायला हवा होता, पण तेवढासा येत नाही. तू तुझी ओळ खोडलीस, मी माझा कागद खणात टाकला. तुला मारायला मी काठी कुठून आणू?

पण तू सांगितलंस ते मी केलं नाही. करायचं मनात आलं होतं. कागद हातात घेतला, एका कोपऱ्यापासून थोडा फाडलाही. मग विचार केला, मी हा फाडला तर त्या पोरीचं काय? ती डॉक्टर घरी बसली आहे. तिची आई मला बाजारात भेटली, म्हणाली, जेवत नाही, पुस्तकं बांधून ठेवली आहेत. आपण दोघं सांभाळून घेऊ एकमेकांना, आणि तिसरीच्या मानेवर सुरी.

तुझ्या भावोजींना आधी सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते गुडघा चोळत बसले आणि म्हणाले, "मार्चपासून तू नीट झोपलेली नाहीस. मला वाटलं मीच काही बोललो." मग उठून माझा चांगला कोट काढून ठेवला.

शुक्रवारी समितीसमोर गेले. पाच माणसं, लांब टेबल, पंख्याचा खडखडाट. मी कागद ठेवला, कोपरा फाटलेला तसाच, आणि सगळं सांगितलं. पाटीचंही सांगितलं. अधीक्षक मध्येच म्हणाले, तुम्हाला आत्ता आठवतंय का हे? मी म्हटलं, आठवत तेव्हापासूनच आहे, साहेब. सांगते आत्ता आहे. एका वयस्कर डॉक्टरने चष्मा काढून कागद जवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि तो दुसऱ्याकडे सरकवला.

मला तूर्त जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं आहे. पुढचं ठरायचं आहे. डॉक्टरला पुन्हा बोलावून तिचं म्हणणं नव्याने ऐकणार आहेत.

तुझं नाव मी घेतलेलं नाही, आणि घेणार नाही. पण मास्तर, तू 'गाजावाजा न करता' असं लिहिलंस. नवी आवृत्ती यायला किती महिने? तोवर जुनी मशीनं ठिकठिकाणी चालू आहेत, आणि वरची ओळ वाचणारे आमच्याच दवाखान्यात नाहीत. तुझं तू बघ. मी सांगणार नाही. तू आता लहान नाहीस.

अक्का

३० ऑगस्ट

प्रिय अक्का,

उशीर झाला, पण या वेळी तोंड लपवून बसलो नव्हतो.

तुझं पत्र आल्यावर हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं काहीतरी आहे, मला वाटलं दुसरी बाई आहे. मी म्हटलं, एका अर्थी आहे. ती मात्र हसली नाही.

जुनं टिपण शोधून काढलं. मी खोडलेली ओळ पहिल्या मसुद्यात तशीच होती. ते घेऊन वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला समजावलं की तू दमला आहेस, सुट्टी घे, पुढच्या आवृत्तीत बघू. म्हणजे अगदी मी तुला समजावलं होतं तसंच, त्याच शब्दांत. ऐकताना मला स्वतःची शरम वाटली. माझी पाचावर धारण बसली होती, तरी म्हटलं, पुढची आवृत्ती नाही, आत्ता. आणि तुम्ही कळवलं नाहीत तर मी कळवतो.

त्यांनी तीन आठवडे काही केलं नाही. मग मी कळवलं. अशा यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाला टिपण, अकरा कागद, त्यातले चार, आणि तू पाठवलेला एक, असं सगळं माझ्या सहीने दिलं. तुमच्या समितीलाही प्रत पाठवली. तुझ्या डॉक्टरबद्दल वेगळं पान लिहिलं. ती चुकली हे खरंच, पण तिच्या हातात दिलेला शब्दच चुकीचा होता, आणि तो शब्द मी दिला होता.

त्यानंतर धावपळ झाली. सगळ्या रुग्णालयांना सूचना गेली आहे. इशारा परत चालू करण्याचं काम दुसऱ्या दोघांकडे दिलं, मला त्या खोलीत यायला मनाई आहे. वकील येतात, तेच तेच विचारतात. नोकरी राहील असं वाटत नाही.

मला हलकं वाटेल असं समजत होतो. तसं काही झालं नाही. ती सूचना जायला सहा महिने उशीर झाला, त्या सहा महिन्यांत आणखी कोण कोण गेलं असेल, हे मोजायची सोय नाही. मोजणं हेच माझं काम होतं, अक्का, आणि हे मला कधीच मोजता येणार नाही.

त्या मुलीला कोणी सांगितलं का?

मास्तर

१८ सप्टेंबर

प्रिय मास्तर,

तुझा कागद समितीत वाचला गेला. डॉक्टरला ताकीद देऊन कामावर घेतलं. मलाही ताकीद मिळाली, लेखी, आणि फायलींच्या खोलीतून परत माझ्या जागी पाठवलं. माझ्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. दुसऱ्या कोणाचं ते जुनं मशीन ऐकत नव्हतं. पाटी काढली. काढताना भिंतीचा पोपडा निघाला, अधीक्षक त्याचंही बिल माझ्या नावावर लावतील असं वाटलं, पण गप्प बसले.

मुलीला मीच सांगितलं. तुझं पत्र यायच्या आधीच गेले होते. दुकान तिने बंद केलेलं नाही. छापखान्यातून आली की दोन तास उघडते, गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे पुरे करून देते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मला दिसलं होतं, डॉक्टरने विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"तुम्ही बोलला असता तर ती वाचली असती?"

मी म्हटलं, माहीत नाही. या वेळी ते खरं होतं. पुढे म्हटलं, पण वाचायची संधी तिला मिळाली असती. ती माझ्यामुळे गेली.

तिने विचारलं, मग त्या दिवशी मी आले तेव्हा का नाही सांगितलंत? मी म्हटलं, भीती वाटली. ती म्हणाली, "तुम्ही आता जा." मी निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत मागे वळून बघायची छाती झाली नाही. मला वाटलं, झालं, हा चेहरा आता पुन्हा दिसायचा नाही, आणि ते योग्यच आहे.

गेल्या बुधवारी सकाळी बाहेरच्या बाकावर ती बसलेली दिसली, शेजारी तिचे वडील. त्यांना दोन दिवस छातीत दडपल्यासारखं होत होतं. मोठं रुग्णालय तिच्या घरापासून फार लांब नाही, तिथे जाऊ शकली असती. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, दुसऱ्या खोलीत लगेच होईल. ती म्हणाली, नाही, या बाईंकडेच.

आत आली तेव्हा तिने मला नमस्कार वगैरे केला नाही. वडिलांना आडवं करायला हात दिला. मी फुगे लावले. माझी बोटं गार पडली होती, मी ती आधी चोळून घेतली. कागद बाहेर आला. मी तो डॉक्टरकडे न्यायला उचलला, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"इथेच वाचा," ती म्हणाली. "तुम्हाला काय दिसतं ते मोठ्याने सांगा."

मी डॉक्टरला हाक मारली. ती तिच्या खोलीतली माणसं थांबवून आली. आम्ही दोघी पलंगाशी उभ्या राहिलो. छापलेली वरची ओळ डॉक्टरने न वाचता मागे दुमडली आणि मला म्हणाली, "हं ताई, सुरू करा."

मी पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली. ठोके सारखे पडतात. रेघ सरळ आहे. ही लाट तिच्या रेघेला शोभेल एवढीच आहे. मग दुसरी पट्टी, मग तिसरी. बारा पट्ट्या वाचल्या. नवव्या पट्टीत एक बारीकसा खोलगटपणा मला आवडला नाही, तेही सांगितलं. डॉक्टरने वाकून पाहिलं, म्हणाली, मलाही दिसतोय, रक्त तपासायला घेऊ आणि पाऊण तासाने पुन्हा काढू. वडिलांनी विचारलं, घाबरण्यासारखं आहे का? मी म्हटलं, आत्ता तरी नाही, पण घरी जाऊ नका.

मुलीने वडिलांच्या सदऱ्याची बटणं लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आम्ही बाहेर बसतो." आणि त्यांना धरून बाकावर जाऊन बसली.

तुझी
अक्का